विषय : घरगुती संगणकास नेट न मिळणेबाबत

दोष काय होता ते आधीच सांगून टाकू, म्हणजे उगाच कुणाचा जीव टांगणीला नको.

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या सुयश कर्मचारी गृहनिर्माण संस्थेत, प्लॉट नंबर सातवर, नारायणराव पारगावकरांच्या पुढच्या खोलीतला संगणक बासष्ट दिवस मागं होता. बाहेर डिसेंबर चालू होता, मशीनमध्ये ऑक्टोबर. बाहेर तुरीच्या शेंगा भरल्या होत्या, मशीनमध्ये दिवाळी अजून यायची होती. आणि आजकालच्या वेबसाइटी अशा मागं राहिलेल्या मशीनशी बोलत नाहीत. आमच्या ओळखपत्रावरची तारीख तुझ्याकडं अजून उजाडलेलीच नाही, असं म्हणतात आणि दार लावून घेतात. बस, एवढंच. दुरुस्तीला लागणारा वेळ अर्धं मिनिट. प्रत्यक्षात लागले पंधरा दिवस, एक खड्डा, फुटलेला पाण्याचा पाइप आणि एस.टी.चा एक प्रवास.

हे आता सगळ्या वाचकांना माहीत झालं. नारायणरावांना माहीत नाही. त्यांना कुणी सांगू नये.

मशीन मागं कसं गेलं

नारायणरावांनीच नेलं.

एका सरकारी कार्यालयात तेहतीस वर्षं नोकरी करून ते अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते, आणि एवढ्या वर्षांत आपण एकदाही खोटी तारीख लिहिली नाही, हा त्यांचा अभिमान होता. निवृत्तीनंतर कॉलनीनं त्यांना संस्थेचं सचिव केलं. संस्थेची वार्षिक सभा सप्टेंबर संपायच्या आत व्हावी लागते. यंदा सप्टेंबरात निम्मे सभासद सोयाबीनच्या मागं होते, मग दसरा आला, मग दिवाळी, आणि सभा राहिली ती राहिलीच. नोव्हेंबरच्या शेवटी हिशेब तपासनिसाचा निरोप आला : सभेचं इतिवृत्त पाठवा.

आता झालेल्या सभेचं इतिवृत्त कुणीही लिहील. न झालेल्या सभेचं लिहायला अनुभव लागतो. नारायणरावांकडं अनुभव होता, अडचण एकच होती, तारखेची. अठ्ठावीस सप्टेंबर ही तारीख एकोणतीस नोव्हेंबरला लिहिणं म्हणजे खोटी तारीख लिहिणं. शिवाय फाईल कधी तयार झाली ते मशीन पोटात नोंदवून ठेवतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. तेव्हा त्यांनी सरळ मार्ग काढला. तारीख बदलली नाही, काळ बदलला. मशीनचं आपोआप वेळ घेणं बंद केलं, कॅलेंडर अठ्ठावीस सप्टेंबरवर नेलं, तिथं बसून शांतपणे इतिवृत्त टाइप केलं, छापलं, मशीन बंद केलं आणि जेवायला उठले. सप्टेंबरातून परत यायचं विसरले.

त्या इतिवृत्तानुसार सभेला अकरापैकी अकरा सभासद हजर होते, चहा झाला, आणि "श्रीमती मथुराबाई ओव्हाळ यांनी पाणीपुरवठ्याबाबत समाधान व्यक्त केले."

मथुराबाई म्हणजे प्लॉट आठ. आरोग्य खात्यातल्या निवृत्त सिस्टर. तालुक्यातली निम्मी लेकरं त्यांच्या हातावर जन्मलेली. इतिवृत्तावर त्यांची सही लागत होती, म्हणून नारायणरावांनी कागद त्यांच्याकडं नेऊन दिला. त्यांनी तो कुंपणापाशी उभ्याउभ्या वाचला.

"सभा कधी झाली, भाऊसाहेब?"

"अठ्ठावीसला. तुम्ही येडशीला गेला होता बहुतेक."

"मी येडशीला होते, तर समाधान कुणी व्यक्त केलं?"

नारायणराव म्हणाले, कुकरची शिट्टी झाली वाटतं, आणि घरात गेले. कागद मथुराबाईंकडंच राहिला.

फाईल उघडली जाते

नेट गेल्याचं दुसऱ्या दिवशी लक्षात आलं आणि तिसऱ्या दिवशी त्याची फाईल झाली. पुठ्ठ्याची, नाडीची, वर ठळक अक्षरात विषय. ती फाईल समोर आहे म्हणूनच ही हकीकत सांगता येते. पहिलं पान असं :

*दि. १ डिसेंबर. सविनय सादर, की आज सकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी संगणक चालू केला असता त्यात नेट आढळून आले नाही. संगणक बंद करून पुनश्च चालू करण्यात आला. फरक पडला नाही. पुढील कार्यवाहीस मान्यता व्हावी.*

मान्यता देणारा अधिकारी घरात एकच. समासात त्यांच्या पत्नीचा, वनमालाबाईंचा शेरा आहे : "पाहिलं. कोथिंबीर संपली."

हे "आढळून आले नाही" जरा समजून घेतलं पाहिजे. कुठलंही पान उघडायला गेलं की पडद्यावर लाल खूण आणि इंग्रजीत चार ओळी येत. त्या ओळींत दोष काय आहे ते स्वच्छ लिहिलेलं असे. पण मागच्या वर्षी कॉलनीतल्या एका गुरुजींना ऑनलाइन गंडा घालण्यात आला, तेव्हा नारायणरावांच्या मुलानं, कैवल्यनं, फोनवरून ताकीद दिली होती : "बाबा, लाल काही दिसलं की वाचत बसू नका, दाबू नका, सरळ बंद करायचं." लेखी नसला तरी तो आदेशच होता. नारायणराव लाल खूण दिसताच डोळे दुसरीकडं फिरवून पान बंद करत. पंधरा दिवसांत त्यांनी ते पान शंभरेक वेळा तरी बंद केलं असेल. एकदाही वाचलं नाही. आदेश पाळावा तर असा.

नेट पुरवणारा मल्लिनाथ. त्याची पिवळी वायर मथुराबाईंच्या पेरूच्या झाडावरून येऊन थेट मशीनमध्ये घुसायची. नारायणरावांनी ग्राहक सेवा केंद्राला फोन लावला. ग्राहक सेवा केंद्र म्हणजे मल्लिनाथची बायको शिवलीला. मागं भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"मी पारगावकर, प्लॉट सात. नेट बंद आहे."

"लाइट हाय का, काका?"

"आहे."

"बंद करून चालू केलं का?"

"केलं."

"मग तक्रार घेतली. ते अंघोळीला गेल्यात."

"तक्रार क्रमांक द्या."

"काय द्यू?"

"क्रमांक. नोंदीला लागतो."

शिवलीलानं विचार केला. तव्यावरची भाकरी उलटल्याचं ऐकू आलं. "एक घ्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला, तेव्हा ती म्हणाली, "तोच चालू द्या की काका, कशाला नवीन?"

बुधवारी जे झालं त्यामुळं

तोवर हे सगळं किरकोळ होतं. वनमालाबाईंना भजन लावता येत नव्हतं, नारायणरावांना इतर जिल्ह्यांतल्या बदल्यांच्या याद्या बघता येत नव्हत्या. बदल्यांशी आता त्यांचा संबंध नव्हता, पण बघितल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नसे.

बुधवारी, तीन डिसेंबरला, नेदरलँड्समध्ये कैवल्यला मुलगी झाली.

घरात मोबाइलला बोलण्यापुरतीच रेंज, चित्र दिसेल एवढी नाही. ती गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, तेही जरा वाकून उभं राहिलं तर मिळते. वनमालाबाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन महिन्यापूर्वी झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. त्या जिना चढून गेल्या, वाकल्या, फोनमध्ये पाहिलं. काहीतरी पांढरं हललं आणि थिजलं.

"ह्यातली उशी कुठली आणि बाळ कुठलं?" त्यांनी विचारलं.

"ते मधलं," नारायणराव म्हणाले. त्यांनाही नक्की माहीत नव्हतं.

वनमालाबाई थोडा वेळ त्या पांढऱ्याकडं बघत राहिल्या. मग पदरानं फोन पुसला, परत बघितलं आणि खाली आल्या. संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "बारशाला मोठ्या पडद्यावर दिसेल ना हो?"

"दिसेल म्हणजे? माझी जबाबदारी!"

तेहतीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द नारायणरावांनी स्वतःसाठी कधी वापरला नव्हता. जबाबदारी नेहमी वरच्या कार्यालयाची असायची. तो तोंडातून गेला आणि त्यांनी प्यायला पाणी मागितलं.

बारसं बाराव्या दिवशी, रविवारी, चौदा तारखेला, आपल्याकडच्या अडीच वाजता ठरलं. नाव आत्या ठेवते, आणि आत्या म्हणजे त्यांची मुलगी भैरवी, येडशीच्या शाळेत शिक्षिका. बाळ तिकडं, आत्या इकडं, तेव्हा बाळाच्या कानात नाव सांगायचं ते नेटवरूनच. अकराही प्लॉटना आमंत्रण गेलं. भैरवी फोनवर म्हणाली, "बाबा, शाळेतला लॅपटॉप आणू का?"

"पारगावकरांच्या नातीचं बारसं शाळेच्या लॅपटॉपवर?" नारायणराव म्हणाले. भैरवीनं लॅपटॉपचा विषय तिथंच सोडला. ती गणित शिकवत असल्यामुळं कुठं उत्तर निघत नाही ते तिला लवकर कळे.

उपाय पहिला : मल्लिनाथ

मल्लिनाथ गुरुवारी आला. "पंधरा मिनिटांत येतो" असं तो मंगळवारी म्हणाला होता. पेरूवर चढला, खाली उतरला, दोन पेरू खिशातून काढून टेबलावर ठेवले, वायरचं टोक हातातल्या चपट्या डबीत घातलं. डबीवर हिरवा दिवा लागला.

"नेट ओके हाय, काका."

"मग येत का नाही?"

"बघू मशीन." त्यानं पान उघडलं. लाल खूण आली. मल्लिनाथ वाचायला पुढं वाकला, तोच नारायणरावांनी झडप घालून पान बंद केलं.

"अहो काका, काय लिवलंय ते—"

"लाल आहे. वाचायचं नाही. कैवल्यनं सांगितलंय."

मल्लिनाथनं परत उघडलं, नारायणरावांनी परत बंद केलं. असं चारदा झालं. शेवटी मल्लिनाथ उठला. "वायर माझी, ती चालू हाय. मशीन तुमचं. मशीनचा डाक्टर बघा."

फाईलमधली नोंद : *"पुरवठादाराने जबाबदारी झटकली."*

उपाय दुसरा : अर्थिंग

प्लॉट नऊचे ज्ञानोबा वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. जगात जे जे बिघडतं ते अर्थिंग नसल्यामुळं बिघडतं, असं त्यांचं मत होतं, आणि त्यांच्या धाकट्या भावाचं लग्न मोडलं तेव्हाही ते त्यांनी बोलून दाखवलं होतं.

"भाऊसाहेब, अर्थिंग न्हाय तुमच्यात."

"नेटला अर्थिंग लागतं?"

"देवळाच्या कळसाला लागतं, दूध डेअरीला लागतं. ह्यो काय जावई लागून गेलाय?"

शुक्रवारी सकाळी खिडकीखाली खड्डा सुरू झाला. मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी, सगळं ओळीनं मांडून ठेवलं होतं. तीन फुटांवर टिकाव खणकन वाजला. ज्ञानोबा म्हणाले, "दगड हाय." दगडातून पाणी उसळलं.

पाइपचं पाणी उतारानं प्लॉट आठच्या अंगणात गेलं. मथुराबाई पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. चप्पल वाहून चालली होती, ती त्यांनी काठीनं अडवली.

"भाऊसाहेब, आता समाधान व्यक्त करू का?"

"सिस्टर, तांत्रिक काम चालू आहे."

"दिसतंय की. म्या काय म्हणते, ते लाल काय येतंय तुमच्यात, ते वाचा की एकदा. एवढं कोण लिवतंय, तर कायतरी सांगत असंल बिचारं."

"तेच तर नको आहे," नारायणराव म्हणाले. मथुराबाई समोर आल्या की अलीकडं त्यांचं बोलणं आखूड होत असे. सही न झालेला कागद त्यांच्या कपाटात होता, आणि तो आहे हे दोघांनाही माहीत होतं. मथुराबाईंनी तो विषय काढला नाही. म्हणून नारायणरावांना जास्त त्रास होत होता.

पाइप दुरुस्त व्हायला शनिवार उजाडला. अर्थिंग झालं. वनमालाबाईंचा शेरा : "मीठ आणा. दोन किलो. घरातलं खड्ड्यात गेलं."

उपाय तिसरा : धाराशिव

बुधवारी नारायणराव मशीनचा डबा चौकड्याच्या चादरीत बांधून धाराशिवच्या गाडीत बसले. डबा मांडीवर, दोन्ही हात भोवती. शेजारच्या बाईनं सरकून जागा दिली.

"लेकरू झोपलंय व्हय?"

"नाही हो."

"मग देव हाय का?"

चादरीत मशीन आहे म्हणून सांगणं नारायणरावांना प्रशस्त वाटेना. ते नुसते हसले. बाईनं चादरीला हात लावून कपाळाला लावला. पुढच्या थांब्यावर तिनं उतरणाऱ्या दोघांना सांगितलं, त्यांनीही हात लावला. येडशीपर्यंत चादरीवर दोन झेंडू आणि एक केळं आलं होतं.

संगणक दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसानं डबा चालू करून पाहिला. त्याच्या टेबलावर नेटची वायर नव्हती, म्हणून लाल खूणही आली नाही. "व्हायरस," तो म्हणाला. हे तो पाहण्याच्या आधीही म्हणाला होता. "फॉरमॅट मारावं लागंल. आतलं सगळं उघडून बघतो, कामाचं असंल ते काढून ठेवतो."

"सगळं उघडून?"

"एकूण एक फाईल. काळजी करू नका."

नारायणरावांच्या डोळ्यांसमोर अठ्ठावीस सप्टेंबरची सभा उभी राहिली. अकरा सभासद, चहा, मथुराबाईंचं समाधान. तो माणूस पलीकडं चहा सांगायला वळला, तेवढ्यात त्यांनी डबा उचलला आणि ते परतीच्या गाडीत बसले.

घरी आल्यावर वनमालाबाईंनी एकच प्रश्न विचारला. "चादर?"

फाईलमध्ये त्या दिवसाचं पान कोरं आहे.

रविवार, अडीचच्या आत

दोन वाजता पुढची खोली भरली. पाळणा टांगला होता, त्यात वरवंटा झबलं-टोपडं घालून निजवला होता. घुगऱ्यांचं पातेलं दारात. भैरवी नवीन साडीत, मल्लिनाथ वायरपाशी, ज्ञानोबा खिडकीतून खड्ड्याकडं बघत. वनमालाबाईंसाठी खुर्ची पडद्यापासून हातभर अंतरावर मांडली होती. त्या तिच्यावर टेकल्या होत्या, चष्मा पुसून हातात धरला होता, घातला नव्हता. बाळ दिसलं की घालणार होत्या.

नारायणराव आत-बाहेर फिरत होते. त्यांनी सकाळपासून नऊदा मशीन बंद करून चालू केलं होतं. सव्वादोनला त्यांनी दहाव्यांदा पान उघडलं. लाल खूण. हात बंद करायला गेला.

"थांबा. हात काढा."

आवाज मथुराबाईंचा होता. बाळंतिणीच्या खोलीत नको तिथं आलेल्या नवऱ्यांना त्या ह्याच आवाजात बाहेर काढायच्या. नारायणरावांनी हात काढला. मथुराबाईंनी नाकावर चष्मा बसवला आणि इंग्रजी ओळी बोटानं धरून वाचल्या.

"घड्याळाचं कायतरी म्हणतंय हे."

सगळ्यांनी भिंतीकडं पाहिलं. भिंतीवरचं घड्याळ बरोबर होतं.

"तिकडं न्हाय." मथुराबाईंचं बोट पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात गेलं. आयुष्यभर जन्माच्या नोंदी ठेवलेली बाई, तिची नजर कुठल्याही कागदावर आधी तारखेकडं जायची. "हितं तेरा ऑक्टोबर लिवलंय."

मथुराबाई अंगठ्यानं बोटांची पेरं मोजू लागल्या. बायकांचे दिवस मोजून मोजून त्यांना हे हिशेब कॅलेंडरशिवाय यायचे. "आठ आठवडे आन् सहा दिवस मागं हाय. पंधरा दिवस झाले नेट न्हाय म्हणताय. तेरातून पंधरा गेले..." पेरं थांबली. त्यांनी चष्म्यावरून नारायणरावांकडं पाहिलं. "अठ्ठावीस सप्टेंबर. त्या दिवशी आपली सभा झाली म्हणं ना?"

नारायणरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं परत पाहिलं.

तेवढ्यात मल्लिनाथ म्हणाला, "आतला सेल गेला असंल, काका. जुन्या मशीनचा जातोय सेल. मग तारीख कुठं पण जाती."

काय सुंदर वाक्य होतं ते! नारायणरावांना त्याला मिठी मारावीशी वाटली. सेल. निर्जीव, गोल, बोलू न शकणारा. सगळी जबाबदारी त्याच्यावर टाकता आली असती आणि त्यानं ती तक्रार न करता घेतली असती. "सेलच असणार," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

"नेतो मशीन खोलून," मल्लिनाथ पुढं म्हणाला, "सेल बदलून उद्यापर्यंत देतो."

वनमालाबाईंनी चष्मा घडी करून त्याच्या डबीत ठेवायला घेतला.

"बस, ठेवू नको," नारायणराव म्हणाले. "सेल गेलेला नाही."

आणि ते मशीनसमोर बसले. पंधरा दिवसांत ज्या माणसाला आवाज वाढवायचं बटण सापडलं नव्हतं, तो माणूस एकदाही न अडखळता कोपऱ्यातल्या घड्याळावर गेला, तिथून आत, तिथून आणखी आत, बंद करून ठेवलेली आपोआप वेळ घ्यायची खूण चालू केली. मल्लिनाथचंही तोंड उघडं राहिलं.

"वाट पाठ हाय की, भाऊसाहेब," मथुराबाई हळूच म्हणाल्या.

"हो," नारायणराव म्हणाले. "मीच गेलो होतो."

मशीन क्षणभर घुटमळलं. मग दिवाळी ओलांडून, तुळशीचं लग्न ओलांडून, चौदा डिसेंबरला आलं. लाल खूण गेली.

अडीच

पडदाभर बाळ आलं.

वनमालाबाईंनी चष्मा घातला. बाळाच्या भुवया, नाकाच्या शेंड्यावरचे बारीक पांढरे ठिपके, मुठीतून बाहेर राहिलेला अंगठा. त्यांनी पडद्याला बोट लावलं आणि लगेच काढलं, झोपमोड होईल म्हणून.

"कैवल्या, टोपडं कानावर घे तिच्या," एवढंच त्या म्हणाल्या.

तिकडं कैवल्यनं आवाजाची वायर बाळाच्या कानाजवळ धरली. इकडं भैरवीनं माइकजवळ तोंड नेऊन नाव सांगितलं आणि बायकांनी कुर्रर्र करून तिच्या पाठीत असे धपाटे घातले, की माइक पाळण्यात पडला. अक्षरा. नाव चांगलं होतं. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटायला लागल्या.

"बाबा, एक सांगायचं राहिलं," पडद्यातून कैवल्य म्हणाला. "नाव तसं आधीच नोंदवलंय. इथं तीन दिवसांच्या आत कचेरीत नाव द्यावंच लागतं. पाच तारखेलाच दिलं."

"म्हणजे? आत्यानं ठेवायच्या आधी?"

"हो, म्हणजे कागदोपत्री..."

नारायणराव ताडकन उठले. गेल्या पंधरा दिवसांत साठलेलं सगळं वर आलं. "ठराव आधी मंजूर आणि सभा नंतर? कुठल्या नियमात बसतं रे हे?"

हे वाक्य खोलीत सगळीकडं फिरलं आणि परत त्यांच्यापाशीच आलं. ज्ञानोबांनी घुगऱ्यांचा घास चावणं थांबवलं. नारायणराव हळूहळू खाली बसले.

"बसतं न बसतं," मथुराबाई म्हणाल्या. "पर कागदावर लिवलं म्हणून पोरीला काय ठाऊक झालं व्हय? आत्तीनं कानात सांगितलं तवा तिला कळलं. सभा व्हावीच लागती, भाऊसाहेब. उशिरा का हुईना." त्यांनी वाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि खोलीवरून नजर फिरवली. "किती आलोय आपण?"

नारायणरावांनी मोजलं. अकरापैकी दहा. खऱ्या सभेला एवढे कधीच आले नव्हते.

"मग घ्या. तारीख आजची घाला. उशीर का झाला त्याचा अर्ज करा वर, तुम्हाला काय, झोपेत येतोय अर्ज. आन् हातानं लिवा."

त्यांनी हातानं लिहिलं. सभा दोन तास चालली, त्यातला पाऊण तास पाण्यावर भांडण झालं, दोघे उठून गेले आणि चहाला परत आले. कागद मांडायला टेबल हवं होतं, म्हणून मल्लिनाथ मशीन बंद करायला पुढं सरकला. त्यावर जे झालं ते इतिवृत्ताच्या शेवटी, नारायणरावांच्या वळणदार अक्षरात, असं नोंदलेलं आहे :

*आयत्या वेळचा विषय. बाळ उठेपर्यंत पडदा बंद करण्यात येऊ नये. सूचक : सौ. वनमाला पारगावकर. अनुमोदक : श्रीमती मथुराबाई ओव्हाळ. ठराव सर्वानुमते मंजूर. सभासदांनी यापुढे हळू आवाजात बोलावे.*